अकरा मिनिटांचं सूत

तुम्हाला मांडी दिसली.

अकरा मिनिटं एक म्हातारी कोसा रेशमाच्या उकळलेल्या कोशांतून सूत काढते आहे. पाच कोशांचे पाच तंतू एकत्र घेऊन, डाव्या तळव्यानं मांडीवर वळ देऊन, त्यांचा एक धागा करते आहे, उजव्या हातानं तो असारीवर गुंडाळते आहे, आणि एवढ्या सगळ्यात तुम्हाला दिसली ती मांडी. बरं, दिसली तर दिसली, डोळे आहेत. पण तुम्ही कागद काढलात. 'आक्षेपार्ह' असा शेरा मारलात. 'कुटुंबासह पाहण्यायोग्य नाही' अशी त्याला पुरवणी जोडलीत. आणि सहीच्या जागी नुसता शिक्का. एका बाईच्या कामाला नागडं म्हणताना तुमचा हात कचरला नाही, खाली नाव लिहिताना मात्र कचरला.

त्या मांडीच्या मालकिणीचं नाव राधाबाई. वय त्र्याहत्तर, गाव आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. आणि जिनं ती अकरा मिनिटं तुमच्यापुढे आणून ठेवली ती तेजस्विनी, राधाबाईच्या भावाची मुलगी. तिला तुम्ही ओळखता. तुमच्याच वाहिनीत सोळा वर्षं होती ती, त्यातली शेवटची सहा कार्यक्रम प्रमुख म्हणून. तिनं आणलेला सिनेमा रविवारी सकाळी दाखवायचं तुम्हीच कबूल केलं होतंत. मग तो तुमच्या समितीपुढे गेला आणि समितीला मांडी दिसली.

पत्र आलं तेव्हा तेजस्विनी कारध्यात होती. नदीच्या अंगाला, एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्या तिनं घेतल्या होत्या. एकीत झोपायचं, दुसरीत सिनेमा जोडायचा. मार्गशीर्षातली सकाळ. वैनगंगेवरून धुकं असं वर चढलेलं की खिडकीतून ना पूल दिसे ना पलीकडचं भंडारा. पुलावरच्या ट्रकांचे हॉर्न आभाळातून आल्यासारखे येत. अशा सकाळी तिला वाटे, पलीकडे गाव नाहीच. नुसती एक ओली चादर टांगलेली आहे, आणि तिच्यावर काय दिसायचं ते अजून ठरायचं आहे.

फोनवर तिनं पत्र वाचलं. पहिला विचार आला तो जुन्या खुर्चीतला: मसुदा चांगला आहे. दुसऱ्यांदा वाचताना हातातला चहा निवला. 'नियम क्रमांक चौदा. कंबरेपासून गुडघ्यापर्यंतचं उघडं अंग, कारण काहीही असो, दाखवू नये.' हे वाक्य तिला पाठ होतं. तिनंच लिहिलं होतं.

दुपारचा डबा खाता खाता लिहिलं होतं. कुठल्याशा मालिकेवर कोणाची तरी तक्रार आली होती आणि वरून निरोप होता की संध्याकाळपर्यंत नियमावली हवी. 'कारण काहीही असो' हे शब्द खास तिचे. त्यानं वाद घालायला जागाच उरत नाही म्हणून वरच्या साहेबांनी कौतुक केलं होतं. त्याच्या खालोखाल नियम पंधरा: नृत्यस्पर्धा आणि पुरस्कार सोहळे यांना नियम चौदा लागू नाही. तोही तिचाच. तेव्हा कोणाला हसू आलं नाही. तिलाही नाही.

ती सोळा वर्षं तिला आता लांबलेल्या दुपारच्या झोपेसारखी आठवत. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा ती बारावीला होती. भिंतीवरच्या नकाशातला मोठा तुकडा एका दिवसात दुसऱ्याचा झाला, आणि तिच्या मनात आलं की असं सुटता येतं तर. नागपूरला शिकली, मग मुंबई. उद्याच्या भागात काय होणार हे वीस सेकंदांत सांगणाऱ्या झलका लिहिण्यापासून सुरुवात. ती मजले चढत गेली तशा खिडक्या कमी होत गेल्या. शेवटच्या केबिनीला खिडकी नव्हतीच, भिंतभर टीव्हीचे पडदे होते. त्यांत बायका दागिने घालून झोपत, ओठ रंगवून रडत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून कधी धूर निघत नसे. विदर्भातली गोष्ट घेऊन कोणी आलं की तेजस्विनी आपुलकीनं सांगे, गोष्ट छान आहे हो, पण धूळ फार आहे. दर गुरुवारी आकडे येत, किती घरांनी काय पाहिलं त्याचे. गुरुवारी सगळ्या इमारतीचा आवाज बारीक होई, जसं आत कोणी आजारी आहे.

अशाच एका गुरुवारी, भिंतीवर आकड्यांची रेघ वरखाली होत असताना, तिला कोसा उकळल्याचा वास आला. ज्यानं तो घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. राखेचं पाणी, मेलेला किडा आणि वर कसलासा गोडसर दर्प. तिनं शेजारच्याला विचारलं, वास येतोय का. त्यानं आपली कॉफी हुंगली आणि मान हलवली. वास वाढत गेला. पडद्यावरची रेघ पाण्यातून वर येणाऱ्या तंतूसारखी ओली दिसायला लागली. कोणी तरी ती ओढत होतं, पण वळ द्यायला मांडी नव्हती म्हणून ती नुसती लांबत चालली होती, भिंतीवरून खाली, गालिच्यावर, दाराबाहेर. महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाली, वास येतो. बाईचं डोकं फिरलं असं सगळ्यांनी ठरवलं, आणि निरोपाला केक कापला.

मग ती स्वतंत्र निर्माती झाली. नाव मोठं, माणसं म्हणाल तर एक कॅमेरावाला, एक आवाजवाला आणि ती. पहिल्या वर्षी तिघं मंगरूच्या मागे जंगलात गेली. मंगरू धिवर. त्याच्या घराण्यात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे किडे पाळतात. किडे झाडावर असेपर्यंत तो दिवसातून एकदा जेवे, दाढी करत नसे, पायांत काही घालत नसे आणि आवाज चढवत नसे. झाडाखाली भांडण झालं तर किडा कोसा बांधत नाही, असं त्यांच्यात मानतात. आवाजवाल्याच्या अंगाला अत्तराचा वास होता. मंगरूनं त्याला काही न बोलता नाल्यावर नेलं आणि अंघोळ करायला लावली. त्यानंतर आठ दिवस चौघं अनवाणी, खुणेनं बोलत राहिली. हजारो किडे पानं खात होते. तो आवाज कानांत भरला की आपण बोलत नाही आहोत हेही विसरायला होई. किडा आधी फांदीला तंतूचा देठ बांधतो, मग स्वतःभोवती आठ-आठ करत आपल्याच तोंडच्या तंतूत मिटून जातो. तेजस्विनी ते पाहत एका झाडाखाली तासन्‌तास बसे. तिला वाटे, आपणही असंच कुठे तरी मिटून आलो, फक्त आपला तंतू कोणाच्या कामाचा नव्हता.

राधाबाई मात्र कॅमेऱ्यापुढे बसायला तयार नव्हती. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात तिला गाडी पाठवून नेलं होतं. ती सवयीनं लुगडं वर खोचून बसली, तशी एक बाई धावत आली, मोठे पाहुणे यायचे आहेत, लुगडं खाली घ्या. मग समोर एक चरखा आणून ठेवला, जो तिनं जन्मात चालवला नव्हता. त्याला हात लावून बसवलं आणि फोटो काढले. पुढे कुठल्याशा कॅलेंडरवर तो फोटो आला. आंधळगावच्या गल्लीत बायका महिनाभर हसल्या, राधाबाई लटकं सूत कातून राहिली म्हणून. ते कॅलेंडर तिनं चुलीत घातलं, पण हसणं काही जळत नाही.

तेजस्विनीनं दोन हिवाळे मनधरणी केली. शेवटी राधाबाई म्हणाली, "मले फोटोसारखं बसवाचं नाही. मी काम करन, तू पाय. एकदा काढाले बसली का मी मंधात उठत नाही, तं तुमची मशीनबी मंधात थांबवाची नाही. अन् दाखवशील तं सारं दाखवजो. अर्ध दाखवाचं असन तं आत्ताच उठ."

तेजस्विनीनं कबूल केलं. बोलून चालून आत्याला दिलेला शब्द. त्याच्यावर कुठे सही नव्हती, आणि तो मोडायची सोयही नव्हती.

ती अकरा मिनिटं अशी झाली. सकाळचं ऊन अंगणात तिरपं उतरलेलं. मडक्यातून कोसे काढलेले, कोमट, मऊ, मातकट. राधाबाईनं चिमूटभर राख मांडीला चोळली, पाच टोकं शोधली, तळवा ठेवला आणि पुढे सारला. बस. त्यानंतर अंगणात दुसरं काही घडलं नाही. तळवा पुढे गेला, मागे आला. मांडीवर गुडघ्यापासून वर एक गुळगुळीत पट्टा पडलेला होता, साठ वर्षांच्या तळव्यानं घासून पाडलेला, नदीतल्या दगडासारखा. त्यावरून तंतू जाताना ऊन पडलं की मधाच्या रंगाचा दिसे, नाही तर दिसतच नसे. मग वाटे की ती म्हातारी हवेलाच वळ देते आहे. कोसे लहान होत गेले. आतले काळे किडे दिसायला लागले. कॅमेरावाल्यानं पापणी लववली नाही. तेजस्विनीला मध्येच आपण किती वर्षांच्या आहोत ते आठवेना. आपण सहा वर्षांच्या आहोत, आत्याच्या पाठीला टेकून बसलो आहोत आणि तिच्या पाठीतून तो तळवा आपल्याला जाणवतो आहे, असं तिला स्पष्ट वाटत राहिलं. तंतू संपले तेव्हा राधाबाईनं मांडी झाकली आणि विचारलं की चहा मांडू काय.

हे तुम्ही पाहिलंत, आणि शेरा मारलात.

पत्रात तुम्ही वाट ठेवली होती, तेही सांगायला हवं. एक तर अकरा मिनिटं काढून टाका, नाही तर मांडीवर कापड घालून दृश्य नव्यानं चित्रित करा. मान्य नसेल तर येत्या गुरुवारी समितीपुढे म्हणणं मांडा. आणि इथं तेजस्विनीची चूक झाली. सोळा वर्षं दुसऱ्यांना 'थोडं बदलून आणा' म्हणणाऱ्या माणसाची सवय जाता जात नाही. तिला कापड पटलं. तिनं भंडाऱ्यातून पांढरा, मऊ पंचा घेतला, अगदी पातळ, आणि आंधळगावची एसटी धरली. वाटेत ती स्वतःला समजावत होती की सूत तेच, हात तेच, बाई तीच. काय फरक पडतो.

राधाबाईनं वाद घातला नाही. पंचा मांडीवर पसरला, टोकं घेतली, तळवा सारला. तंतू कापडाला चिकटला, फुलला आणि तुटला. तिनं गाठ मारली. पुन्हा तुटला. माजघरात खड्ड्याच्या मागावर मधुकरराव विणत बसले होते, राधाबाईचे यजमान. त्यांचा धोटा थांबला. तिसऱ्यांदा तुटला तशी राधाबाईनं टोकं तेजस्विनीपुढे धरली.

"तू काढ."

तेजस्विनीनं जीन्सवर वळ द्यायचा प्रयत्न केला. मागावरून मधुकरराव म्हणाले, "सोळा साल टीव्हीत काढले, अन् पोरीले एक वळ नाही देता येत."

"तुमी आपला धोटा पाहा," राधाबाई म्हणाली. आणि तेजस्विनीला, हळू: "कोशाले अंग लागते, पोरी. त्याले अंगाची ऊब नाही भेटली का तो वळ घेत नाही. कापडाले कापड काय वळ देईन?"

तेजस्विनी आत गेली. आत्याचं एक जुनं लुगडं गुंडाळून बाहेर आली, अंगणात बसली आणि ते वर खोचलं. बारा वर्षांची असताना हे सोडलं होतं. शाळेतल्या मुली पायाचा वास येतो म्हणत. तिनं राख चोळली. पहिल्या वळाला कातडी ओढली गेली, दहाव्याला लाल झाली. सूत जाड निघालं, मग बारीक, मग गाठ, मग पुन्हा जाड. पण निघालं. ऊन पाठीवर होतं. मागाचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि तिच्या तळव्याशी जुळला. मग कुठला आवाज मागाचा आणि कुठला आपल्या अंगाचा हे तिला कळेना. आपल्याकडे कोणी पाहतंय का, हा विचार मनात आलाच नाही. हे तिला फार उशिरा उमगलं, परतीच्या एसटीत.

त्याआधी, सूत असारीवर घेताना, तिनं राधाबाईला सांगून टाकलं, "आत्या, तो नियम मीच लिवला होता. मांडी दाखवाची नाही म्हणून."

राधाबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागावली नाही, हसलीही नाही.

"लिवला तं लिवला. खोडता येत नाही काय?"

गुरुवारी दुपारी तेजस्विनी कारध्याच्या खोलीत संगणकापुढे बसली. धुकं विरलं होतं. नदी लख्ख दिसत होती, पुलावरची माणसं मोजता यावीत इतकी. पडद्यावर तुम्ही तिघं तीन चौकटींत उगवलात. मधल्या चौकटीतले साहेब एकेकाळी तिच्याच हाताखाली शिकलेले. सवयीनं त्यांच्या तोंडून 'मॅडम' गेलं. ते म्हणाले, वैयक्तिक काही नाही. डावीकडचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, भावना समजतात, पण वाहिनी घराघरांत जाते. उजवीकडच्या बाई नुसत्या सौम्य हसल्या.

तेजस्विनीनं साधंच सांगितलं. नियम चौदा मी लिहिला आहे. तो लिहिताना मी कोणाचाच विचार केला नव्हता, माझी आत्याही मला आठवली नव्हती. चूक झाली. लिहिणारी खोडायला सांगते आहे, खोडा. साहेबांनी उसासा टाकला. नियम आता संस्थेचा आहे, मॅडम, तो कोणा व्यक्तीचा नाही. लिहिणाऱ्याच्या सांगण्यानं तो खोडता येत नाही. हेही तिला पाठ होतं. असं वाक्य तिनंच कितीदा तरी कोणाला ऐकवलं होतं.

 मग तिचं लक्ष उजव्या चौकटीकडे गेलं. बाईंच्या मागे चौरंगावर कलश मांडलेला, वेणी माळलेला. मार्गशीर्षातला गुरुवार. अंगावर मधाच्या रंगाची साडी.

"उपास आहे का, बाई?" तेजस्विनीनं विचारलं.

बाई खुलल्या. हो, गुरुवारचा.

"साडी सोवळ्याची?"

"कोसा आहे. पूजेला आमच्यात दुसरं चालत नाही. कोशाला विटाळ नाही ना."

"पदर जरा कॅमेऱ्याजवळ धरता?"

बाईंनी कौतुकानं पदर पुढे केला. पडदा सगळा मधाच्या रंगानं भरला. नदीवरचं ऊन खिडकीतून त्यावर पडलं आणि क्षणभर तेजस्विनीला वाटलं की हा संगणक नाही, अंगण आहे. आडव्या धाग्यात जाड, बारीक, जाड, बारीक. यंत्राचं सूत असं चालत नाही, ते सरळ रेघेत जातं. जिथं तळवा दाबला तिथं धागा बारीक, जिथं उचलला तिथं जाड. एकेक इंचाला कोणा बाईचा एकेक वळ. पदर हलला तशा त्या सगळ्या बायका हलल्या. त्यांचे तळवे पुढे गेले, मागे आले. तेजस्विनीला तो आवाज ऐकू आला. तुम्हाला आला असेल तर तुम्ही बोलला नाहीत.

"हे मांडीवरचं सूत आहे, बाई," ती म्हणाली. "उघड्या मांडीवरचं. तुम्ही ते नेसून देवापुढे बसलात."

पदर खाली आला. बाईंचा चेहरा दिसला, मग चौकट काळी झाली. साहेब म्हणाले, आम्ही कळवतो. वयस्कर गृहस्थ आपल्याच खोलीत कुठे तरी वर बघत होते. मग सगळं मिटलं आणि पडद्यावर तेजस्विनीचंच तोंड उरलं, आणि मागे खिडकीतली नदी.

तिनं सिनेमा कापला नाही. तेवढं लेखी कळवलं, आणि रविवारची वेळ हातची गेली हे ती समजून चुकली. दुसऱ्या दिवशी ती आंधळगावला गेली. राधाबाई अंगणात बसली होती, तळवा चालू होता. तिनं मान वर न करता विचारलं, दिसन काय मंग टीव्हीवर. तेजस्विनी म्हणाली, सारं दाखवत नाहीत म्हणून मी दिलं नाही.  धागा तुटू न देता राधाबाई म्हणाली, बरं केलं. मग थोड्या वेळानं: "पन त्यायनं काय म्हटलं? काहून नाही?"

 याचं उत्तर तुमच्याकडे आहे. मार्गशीर्ष गेला, पौष गेला, तुम्ही 'कळवतो' म्हणालात त्याला आता होळी येऊन ठेपली. आंधळगावात राधाबाई रोज सकाळी मांडीला राख चोळून बसते आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच विचारते आहे. तिनं काढलेलं सूत तुमच्या देवापुढे चालतं. मग ते काढणारी बाई तुमच्यापुढे काहून चालत नाही? उत्तर द्या.